१ कोटी ८५ लाख की अडीच लाख? अमेरिकेतल्या गरिबीच्या एका मोजणीची हकिगत

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात लाउंड्स नावाची काउंटी, म्हणजे जिल्ह्यासारखा भाग, आहे. तिथल्या कितीतरी घरांच्या मागे एक पांढरा प्लॅस्टिकचा पाइप दिसतो. संडासातून निघतो, भिंतीतून बाहेर येतो, गवतातून काही मीटर जातो आणि संपतो. पुढे ना टाकी, ना गटार. आत फ्लश केलं की मैला त्या टोकाशी पडतो. उन्हात वाळतो, पावसात अंगणभर पसरतो. घरात मात्र वीज आहे, नळाला पाणी आहे, फ्रिज आणि टीव्ही आहे. दारात जुनी का होईना गाडी आहे, कारण तिच्यावाचून इथे कामावरही जाता येत नाही आणि किराणाही आणता येत नाही.

हे घर गरिबांत धरायचं की नाही? काही जण म्हणतात, पाइप बघा. काही म्हणतात, फ्रिज बघा. २०१७-१८मध्ये हा वाद थेट संयुक्त राष्ट्रांच्या व्यासपीठावर गेला. एका बाजूने सांगितलं की अमेरिकेत अतिगरिबीत जगणारे लोक १ कोटी ८५ लाख आहेत. अमेरिकी सरकारने उत्तर दिलं की ते फार तर अडीच लाख असतील. म्हणजे चौऱ्याहत्तर पटींचा फरक. मोजणीत दोन-पाच टक्के इकडचे तिकडे होतात, हे समजू शकतं. चौऱ्याहत्तर पटींचा फरक हाताच्या चुकीने पडत नाही. तो कसा पडला, ते इथे उलगडून बघायचं आहे.

काय घडलं

फिलिप ऑल्स्टन हे मूळचे ऑस्ट्रेलियाचे, न्यूयॉर्क विद्यापीठात कायदा शिकवणारे प्राध्यापक. २०१४पासून ते संयुक्त राष्ट्रांचे 'अतिदारिद्र्य आणि मानवी हक्क' या विषयाचे विशेष प्रतिवेदक होते. हे पद बिनपगारी असतं. प्रतिवेदक एखाद्या देशात जातो, बघतो, अहवाल देतो. त्यासाठी त्या देशाचं आमंत्रण लागतं. अमेरिकेचं आमंत्रण ओबामांच्या काळात आलं आणि ट्रम्प प्रशासनाने ते कायम ठेवलं, हे विसरून चालणार नाही. पाहुणा आगंतुक नव्हता.

१ ते १५ डिसेंबर २०१७ या पंधरवड्यात ऑल्स्टन कॅलिफोर्निया, अलाबामा, जॉर्जिया, वेस्ट व्हर्जिनिया, पोर्टो रिको आणि वॉशिंग्टन इथे फिरले. अलाबामाच्या ग्रामीण भागात त्यांना घरामागचा उघडा मैला दाखवण्यात आला. विकसित जगात आपण असं काही पाहिलेलं नाही, असं ते तिथल्या पत्रकारांना म्हणाले, आणि त्या वाक्याची देशभर बातमी झाली.

अंतिम अहवाल मे २०१८मध्ये आला. त्यात तीन आकडे एकाखाली एक होते : सुमारे ४ कोटी लोक गरीब, १ कोटी ८५ लाख अतिगरीब, आणि ५३ लाख लोक तिसऱ्या जगात शोभावी अशा निव्वळ दारिद्र्यात. १९ जूनला अमेरिका संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेतून बाहेर पडली. त्याची जाहीर कारणं वेगळी होती, पण त्यामुळे त्याच आठवड्यात हा अहवाल परिषदेपुढे आला तेव्हा उत्तर द्यायला अमेरिका सदस्य म्हणून खुर्चीवर नव्हती. संयुक्त राष्ट्रांतल्या अमेरिकेच्या राजदूत निकी हेली यांनी सिनेटर बर्नी सँडर्स यांना लिहिलेल्या पत्रात म्हटलं की संयुक्त राष्ट्रांनी अमेरिकेतली गरिबी तपासणं हे उघड उघड हास्यास्पद आहे. पाठोपाठ लेखी उत्तर आलं : आकडे फुगवलेले आहेत, अतिगरीब असतील तर अडीच लाखांच्या आसपास.

पहिल्या आकड्याचं कूळ

ऑल्स्टन यांनी १ कोटी ८५ लाख हा आकडा स्वतः काढलेला नव्हता. अमेरिकेच्याच सेन्सस ब्यूरोने २०१६ सालासाठी तो छापला होता. सरकारी दारिद्र्यरेषेखाली त्या वर्षी ४ कोटी ६ लाख लोक, म्हणजे १२.७ टक्के, होते. रेषेच्या निम्म्याहूनही कमी उत्पन्न असलेले १ कोटी ८५ लाख. ब्यूरो या दुसऱ्या गटाला 'खोल दारिद्र्य' म्हणतं. ऑल्स्टन यांच्या अहवालात त्याचं 'अतिदारिद्र्य' झालं. एवढ्या एका विशेषणाच्या बदलाने अर्धा वाद पेटला, कारण 'अतिदारिद्र्य' म्हटलं की जागतिक बँकेची तेव्हाची दिवसाला १ डॉलर ९० सेंटची रेषा डोळ्यांपुढे येते. २०१६मध्ये दोन मुलांच्या चौकोनी कुटुंबासाठी अमेरिकी रेषा वर्षाला २४,३३९ डॉलर होती. तिचं निम्मं १२,१७०. माणशी दिवसाला साधारण ८ डॉलर ३३ सेंट. हे हाल आहेत, पण जागतिक बँकेच्या व्याख्येतलं अतिदारिद्र्य नाही. माझ्या मते ऑल्स्टन यांची ही चूक होती. बाजू भक्कम असताना त्यांनी विरोधकांच्या हातात आयतं कोलीत दिलं.

पण मुळात ते २४,३३९ आले कुठून? त्यामागे एक बाई आणि एक खाद्ययादी आहे.

मॉली ओरशान्स्की सामाजिक सुरक्षा प्रशासनात काम करत. युक्रेनमधून आलेल्या गरीब घरातली मुलगी. गरिबांविषयी लिहायला आपल्याला कल्पनाशक्तीची गरज नाही, स्मरणशक्ती पुरते, अशा अर्थाचं त्या बोलत. १९६३ ते ६५ या काळात त्यांनी साधा हिशोब मांडला. कृषी खात्याकडे सगळ्यात स्वस्त आहाराची एक योजना होती. हातात पैसा कमी असताना 'तात्पुरती किंवा आणीबाणीत' वापरायची, असं खात्यानेच तिच्याबद्दल म्हटलं होतं. दुसरीकडे १९५५च्या पाहणीत दिसलं होतं की तीन किंवा जास्त माणसांची कुटुंबं उत्पन्नाचा साधारण तिसरा हिस्सा अन्नावर खर्च करतात. ओरशान्स्कींनी स्वस्त आहाराच्या खर्चाला तिनाने गुणलं. झाली रेषा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की किती पुरतं ते ठामपणे सांगता येत नसलं, तरी सरासरीने किती पुरत नाही ते खात्रीने सांगता यावं.

त्यांनी या स्वस्त योजनेबरोबर थोड्या बऱ्या योजनेवरही रेषा काढली होती. सरकारने खालची उचलली. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी जानेवारी १९६४मध्ये दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारलेलं होतं, आणि युद्धाला शत्रूची गणती लागते. १९६९मध्ये ती रेषा अधिकृत झाली. तेव्हापासून दरवर्षी तिच्यावर महागाई चढवली जाते, बाकी काही नाही. अन्नाचा हिस्सा आता तिसरा राहिलेला नाही, सुमारे आठवा झाला आहे. ओरशान्स्कींचीच रीत आज प्रामाणिकपणे लावायची तर स्वस्त आहाराला आठाने गुणावं लागेल, आणि मग कोण गरीब ठरेल याची कल्पना केलेली बरी. १९६०च्या सुमारास ही रेषा चौघांच्या कुटुंबांपैकी बरोबर मधल्या कुटुंबाच्या उत्पन्नाच्या, म्हणजे मध्यम उत्पन्नाच्या, जवळपास निम्मी होती. आता ती तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली गेली आहे. रेषा जागेवर राहिली आणि देश पुढे निघून गेला. 'गरिबी म्हणजे आपल्या समाजात इतरांसारखं जगता न येणं' असं मानणाऱ्यांची मुख्य तक्रार हीच आहे, आणि युरोपीय संघाने म्हणूनच मध्यम उत्पन्नाच्या ६० टक्क्यांची सरकती रेषा घेतली.

उलट बाजूची तक्रारही तितकीच खरी आहे. अधिकृत रेषा करापूर्वीचं रोख उत्पन्न तेवढं धरते. फूड स्टॅम्प (खाण्याच्या जिनसांसाठीची सरकारी मदत), घरभाड्याची मदत, कमी पगारवाल्यांना मिळणारा कराचा परतावा, हे काहीच तिच्या हिशोबात येत नाही. सरकार मदत देतं आणि तीच मदत मोजत नाही. मग पन्नास वर्षं खर्च करूनही गरिबी हटत नाही असं दिसलं तर नवल ते काय!

दुसऱ्या आकड्याचं कूळ

अडीच लाखांचा आकडा या तक्रारीतून जन्मला. त्याची मुळं हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेच्या अभ्यासात होती. तिथले अभ्यासक उत्पन्न विचारत नाहीत, खर्च विचारतात. घरात किती आलं हे लोक नीट सांगत नाहीत. काय खाल्लं, भाडं किती भरलं, हे सांगतात. त्या हिशोबाने माणशी दिवसाला चार डॉलरखाली जगणारे फारच थोडे निघतात.

चार डॉलर हा आकडा तरी कशाला? तो दुसऱ्या गोटातून आला होता. नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांनी जानेवारी २०१८मध्ये लिहिलं की १ डॉलर ९० सेंटची रेषा उष्ण आणि गरीब देशांसाठी आहे. थंडीच्या देशात घर गरम ठेवावं लागतं, भिंती जाड लागतात, कपडे जास्त लागतात. तेव्हा तिथली बरोबरीची रेषा चार डॉलर धरावी. तशी धरली तर अमेरिकेत ५३ लाख लोक जागतिक मापानेही अतिगरीब ठरतात. ऑल्स्टन यांच्या अहवालातला तिसरा आकडा हाच. आता गंमत बघा. रेषा एकच, चार डॉलर. उत्पन्नाला लावली की ५३ लाख, खर्चाला लावली की अडीच लाख.

कोण बरोबर? या एका मुद्द्यावर पुढच्याच वर्षी बराच उजेड पडला. शिकागो विद्यापीठाचे ब्रूस मायर आणि सेन्सस ब्यूरोतले लोक धरून त्यांचे सहकारी यांनी पाहणीतली उत्तरं सरकारी दप्तरांशी ताडून पाहिली : कर खात्याचे कागद, सामाजिक सुरक्षेची देयकं, फूड स्टॅम्पच्या नोंदी. पाहणीत दिवसाला माणशी दोन डॉलरहून कमी रोख मिळते असं सांगणारी ३६ लाख घरं होती. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त या तपासणीत अतिगरीब ठरली नाहीत. कुणी पगार सांगायचा विसरला होता, कुणाला निवृत्तीवेतन होतं, कुणाकडे बऱ्यापैकी मालमत्ता होती. निम्म्याहून जास्त तर साध्या दारिद्र्यरेषेच्याही वर निघाली. दोन डॉलरवाले आकडे छातीठोकपणे फिरवणाऱ्यांना हा धक्का होता, आणि तो बसायलाच हवा होता.

म्हणजे अडीच लाखवाले जिंकले? थांबा.

एका आईचा हिशोब

कागद-पेन्सिल घेऊन एक काल्पनिक कुटुंब मांडू. अलाबामा, २०१८. एक आई, दोन मुलं, सध्या काम नाही. रोख मदत जास्तीत जास्त महिन्याला २१५ डॉलर. तिघांत वाटली, तिसाने भागली, तर माणशी दिवसाला २ डॉलर ३९ सेंट. जास्तीत जास्त फूड स्टॅम्प ५०४ डॉलर. ते मिळवले की माणशी दिवसाला ८ डॉलरला एक सेंट कमी.

ही बाई अतिगरीब आहे का? चार डॉलरच्या रेषेवर रोख मोजली तर आहे, स्टॅम्प धरले तर नाही. सेन्सस ब्यूरोच्या 'खोल दारिद्र्या'त तिचं वर्षाचं रोख उत्पन्न २,५८० डॉलर दिसतं आणि त्या आकाराच्या कुटुंबाची निम्मी रेषा सुमारे १०,१०० आहे, तेव्हा ती तिथे खोल तळाशी आहे. एकच बाई, एकच महिना. पण फूड स्टॅम्पने वीजबिल भरता येत नाही, गाडीत पेट्रोल घालता येत नाही, साबण किंवा डायपर आणता येत नाहीत. कायद्यानेच मनाई आहे. आठ डॉलर म्हणताना त्यातले साडेपाच फक्त खाण्याच्या जिनसांवरच खर्च करता येतात, ही गोष्ट कुठल्याच रेषेत उमटत नाही.

तिला कुठे काम मिळालं तर आणखी एक पेच. अलाबामाने मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार केलेला नाही. त्या राज्यात मुलं असलेल्या पालकाला सरकारी आरोग्यविमा हवा असेल तर उत्पन्न केंद्राच्या दारिद्र्यरेषेच्या १८ टक्क्यांपर्यंतच चालतं. २०१८मध्ये तिघांसाठी ते वर्षाला ३,७४० डॉलरच्या आसपास होतं. त्याहून जास्त कमावलं की ती मेडिकेडसाठी पुरेशी गरीब राहिली नाही, आणि बाजारातला अनुदानित विमा मिळायला पुरेशी श्रीमंतही नाही. रेषेच्या एका बाजूला एक खातं, दुसऱ्या बाजूला दुसरं, आणि मध्ये ही बाई.

पाइप कुठल्या रकान्यात?

लाउंड्स काउंटी सेल्मा आणि मॉन्टगोमरी या शहरांच्या मधोमध आहे. १९६५ची मतदान हक्कासाठीची प्रसिद्ध पदयात्रा याच काउंटीतून गेली. लोकसंख्या दहा हजारांच्या घरात, त्यात कृष्णवर्णीयांचं मोठं बहुमत. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात ते आधी काळ्या मातीमुळे. ही माती चिकण आहे. कापसाला उत्तम, सेप्टिक टाकीला वाईट. पाणी खाली झिरपतच नाही. साधी टाकी बसवली तर मैला उलटा घरात येतो, बाथटबमधून वर येतो. अशा जमिनीत चालेल अशी, वर मातीचा उंचवटा रचून करायची व्यवस्था वीस-तीस हजार डॉलरपर्यंत जाते. मोबाइल होममध्ये (कारखान्यात बनवून जागेवर आणून ठेवलेल्या स्वस्त घरात) राहणाऱ्या माणसाच्या घराची तेवढी किंमत नसते. आणि अलाबामात योग्य टाकी नसणं हा गुन्हा आहे. त्यापायी लोकांवर खटले भरले गेले आहेत.

२०१७च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे ऑल्स्टन यायच्या तीन महिने आधी, तिथल्या ५५ जणांच्या तपासणीचा शोधनिबंध आला. १९ जणांच्या नमुन्यात आकडीकृमीचे (आतड्यात राहणाऱ्या हुकवर्मचे) अंश सापडले. अमेरिकेतून गेला असं समजला जाणारा हा रोग. पंचावन्न माणसं म्हणजे फार छोटा नमुना, आणि राज्याच्या आरोग्य खात्याने तपासणीच्या पद्धतीवर आक्षेप घेतला. तो वाद मी इथे सोडून देतो. कृमी असोत-नसोत, मैला तर डोळ्यांनी दिसतो. तिथल्याच कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स कित्येक वर्षं हेच दाखवत फिरत होत्या.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट इथे आहे. या घरातल्या माणसाचं उत्पन्न मोजा, पाइप दिसत नाही. खर्च मोजा, तरी दिसत नाही. उलट न बसवलेल्या टाकीचा खर्च शून्य. वस्तू मोजा, तर घर चांगलं भरलेलं दिसतं. हेरिटेज फाउंडेशनने २०११मध्ये एक यादी काढली होती : गरीब घरांपैकी ८० टक्क्यांकडे एअर कंडिशनर, जवळपास पाऊण घरांकडे गाडी, दोन तृतीयांशांच्या आसपास केबल किंवा डिश टीव्ही. यादी खरी आहे. पण अलाबामाच्या जुलैत एअर कंडिशनर ही चैन म्हणणाऱ्याने तिथे एक दुपार काढावी. शिवाय टीव्ही गेल्या तीस वर्षांत स्वस्त झाले, घरभाडं, दवाखाना आणि कॉलेज महाग झालं. टीव्ही विकून त्यातलं काहीच भागत नाही.

ऑल्स्टन या पाइपकडे मानवी हक्काच्या डोळ्याने बघत होते : जगातल्या श्रीमंत देशात सांडपाण्याची सोय ही कुटुंबाने परवडेल तशी विकत घ्यायची वस्तू आहे, की काउंटीने पुरवायची सेवा? आपल्या परिसरात सांडपाण्याच्या सोयीवाचून किती घरं आहेत, हे त्यांनी राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं होतं. तशी आकडेवारीच ठेवलेली नाही, असं कळलं. मोजलं की काहीतरी करावं लागतं.

जे दोन्ही आकड्यांत नाहीत

अमेरिकेतल्या या पाहण्या पत्त्यावर चालतात. सेन्ससचा माणूस दार वाजवतो किंवा फोन करतो. ज्याला दारच नाही तो पाहणीत येत नाही. उत्पन्नाच्या पाहणीतही नाही, खर्चाच्या पाहणीतही नाही. मायर यांच्या अभ्यासातली ३६ लाख घरं म्हणजेही बेघर वगळून उरलेली घरंच.

जानेवारी २०१७च्या एका रात्री गृहनिर्माण खात्याने केलेल्या गणतीत देशभर ५,५३,७४२ बेघर होते. त्यातले सुमारे १ लाख ९३ हजार निवाऱ्यातही नव्हते. फुटपाथवर, पुलाखाली, गाडीत झोपले होते. सरकारचा अतिगरिबांचा एकूण आकडा अडीच लाख, आणि एका रात्री छपराविना झोपलेले एकटेच जवळपास दोन लाख, जे त्या अडीच लाखांत धरलेलेच नाहीत. लॉस एंजेलिसच्या स्किड रो भागात ऑल्स्टन यांना सुमारे १८०० बेघरांमागे नऊ सार्वजनिक संडास आढळले. सीरियातल्या निर्वासित छावण्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेलं किमान प्रमाणही इथे पाळलं जात नाही, असं त्यांनी लिहिलं.

आकडा कशासाठी हवा होता

अहवालाच्या आधी, १० एप्रिल २०१८ला, ट्रम्प यांनी एक आदेश काढला होता : सरकारी मदत घेणाऱ्या धडधाकट माणसांवर कामाची अट कडक करा. अहवालानंतर, जुलैमध्ये, व्हाइट हाउसच्या आर्थिक सल्लागार मंडळाने त्यासाठी एक अहवाल काढला आणि त्यात जाहीर केलं की दारिद्र्याविरुद्धचं युद्ध जवळपास संपलं आहे आणि यशस्वी झालं आहे. आधार खर्चाच्या मोजणीचा : १९६१पासून गरिबी ९० टक्क्यांनी घटली. मग पुढचा युक्तिवाद सोपा. गरिबी उरलेली नाही, तेव्हा मदतीवर अट घालायला हरकत नाही. गरिबी कशामुळे घटली, तर मोठ्या प्रमाणावर त्याच मदतीमुळे, हा भाग अहवालात नव्हता असं नाही, पण निष्कर्षाच्या वाटेत तो आडवा आला नाही.

२०१९च्या मे महिन्यात सरकारने आणखी एक प्रस्ताव चर्चेला ठेवला : दारिद्र्यरेषेवर चढवायच्या महागाईचा निर्देशांक बदलून जरा मंद चढणारा घ्यायचा. वर्षाला फरक अगदी बारीक, पण दहा वर्षांत लाखो माणसं रेषा ओलांडून 'वर' आली असती, खिशात एक डॉलर जास्त न येता. तो बदल पुढे झाला नाही.

ऑल्स्टन यांचा आकडाही निर्हेतुक नव्हता. गरिबी हा राजकीय निर्णय आहे, असं त्यांना सिद्ध करायचं होतं, आणि त्यासाठी मोठा आकडा उपयोगी होता. पण त्यांच्या अहवालातली ताकद आकड्यांत कधीच नव्हती. ती दात नसलेल्या माणसांत होती, ज्यांच्या विम्यात दातांचा डॉक्टर बसत नाही; दंड भरता आला नाही म्हणून कोठडीत गेलेल्यांत होती; आणि त्या पाइपात.

पुढे

२०११पासून सेन्सस ब्यूरो एक पूरक मापही छापतं. त्यात फूड स्टॅम्प, कराचा परतावा, भाड्याची मदत धरतात, कर आणि औषधपाण्याचा खर्च वजा करतात, जागेजागेच्या भाड्याचा फरकही लावतात. या मापाने २०२१मध्ये मुलांमधली गरिबी ५.२ टक्क्यांवर आली, कारण त्या वर्षी मुलांमागचा करपरतावा वाढवून जवळपास सगळ्यांना दिला होता. तो बंद झाला आणि २०२२मध्ये तीच गरिबी १२.४ टक्क्यांवर गेली. दुपटीहून जास्त, एका वर्षात. अधिकृत मापावर मात्र मुलांमधली गरिबी दोन्ही वर्षं १५ टक्क्यांच्या आसपासच होती. लाखो घरांत पैसा आला आणि गेला, ओरशान्स्कींच्या साठ वर्षांपूर्वीच्या रेषेला त्याची चाहूलही लागली नाही.

लाउंड्सकडे परत. नोव्हेंबर २०२१मध्ये केंद्राच्या न्याय खात्याने अलाबामाच्या आरोग्य खात्याची चौकशी सुरू केली. प्रश्न गरिबीचा नव्हता, नागरी हक्कांचा होता : कृष्णवर्णीय वस्तीतल्या सांडपाण्याकडे राज्याने दुर्लक्ष केलं का? मे २०२३मध्ये समझोता झाला. राज्याने सांडपाण्यावरून दंड आणि खटले थांबवायचे, कुठल्या घराला काय सोय आहे याची पाहणी करायची आणि टाक्या बसवायच्या. कुटुंबाचं उत्पन्न किती, त्यांच्याकडे टीव्ही आहे का, हे कुणी विचारलं नाही. घरामागे मैला आहे का, एवढंच बघायचं होतं.

११ एप्रिल २०२५ला न्याय खात्याने तो समझोता रद्द केला. कारण दिलं ते विविधता आणि समावेशनाच्या धोरणांविरुद्धच्या ट्रम्प यांच्या आदेशाचं. राज्याच्या आरोग्य खात्याने सांगितलं की मंजूर झालेला निधी संपेपर्यंत टाक्या बसवण्याचं काम चालू राहील.